मंत्री महोदय, कराचीचा टॉवेल अमेरिकेत उतरला, सोलापूरचा शेडमध्येच आहे

सोलापूर, डिसेंबर 2025

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

आपलं नाव वर मुद्दाम घातलेलं नाही. पावसाळ्यात सोलापूरला येऊन भरल्या हॉलमध्ये ज्यांनी शब्द दिला, त्यांना हे पत्र आपल्यालाच आहे हे कळेल. ज्यांनी दिला नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. जगात कुठे काहीही पेटलं तरी सोलापूरच्या छोट्या मागवाल्याला झळ लागू देणार नाही, दिवाळीच्या आत त्याच्या हातात काहीतरी पडेल, असं आपण म्हणाला होता. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, मार्गशीर्ष लागला. आणि परवा खरंच हातात पडलं. ज्या निर्यातदारासाठी मी जॉबवर टॉवेल विणतो त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. नवे बीम (ताण्याच्या सुताचे रूळ) चढवू नका, विणून ठेवलेला माल सध्या उचलता येणार नाही, आणि थकलेल्या मजुरीचं नव्या वर्षात बघू.

माझे आठ माग आहेत. पूर्व भागात घराला लागूनच शेड आहे. आजोबा तेलंगणातून आले ते हातमागावर बसायला, वडिलांनी यंत्रमाग घेतले, मी टेरी टॉवेलमध्ये आलो. घरात तेलुगू, दारात मराठी, असं आमचं चालतं. सूत निर्यातदाराचं, डिझाईन निर्यातदाराचं, वीज माझी, कामगार माझे, मागाची दुरुस्ती माझी. मिळते ती मजुरी. टॉवेलवर छाप अमेरिकेतल्या दुकानाची असते, आमची कुठेही नसते. त्याची तक्रार कधी केली नाही, दर शनिवारी पगार वाटता येत होता तोवर.

आता त्या अमेरिकेचं. 7 ऑगस्टला आपल्या मालावर 25 टक्के आयात कर लागला, 27 ऑगस्टला आणखी 25. टॉवेलवर आधीचे 9 होतेच, म्हणजे 59 टक्के. दुसऱ्या 25 चं कारण काय, तर भारत रशियाचं तेल घेतो. साहेब, माझ्या शेडमध्ये तेल लागतं ते मागाच्या वंगणाचं. युक्रेनमध्ये फेब्रुवारी 2022 मध्ये रणगाडे घुसले तेव्हा मला विचारून घुसले नव्हते, आणि स्वस्तातलं रशियन तेल येऊ लागलं तेव्हा आमच्या पंपावर पेट्रोल काही त्या हिशोबाने स्वस्त झालं नाही. फायदा ज्याने खाल्ला तो वेगळा, दंड भरणारा वेगळा. याला आपण दिल्लीत सामरिक स्वायत्तता म्हणता. छान शब्द आहे. असावी स्वायत्तता, मी तिच्या विरोधात नाही, अमेरिकेपुढे वाकावं असंही माझं म्हणणं नाही. पण ताठ उभं राहायचं ठरवलं तुम्ही आणि कणा मोडला आमचा, तर त्या कण्याचं काहीतरी बघाल की नाही?

आणि कराची. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर चालू असताना एका रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलं नाही. टीव्हीवाल्यांनी कराचीचं बंदर जाळून टाकलं होतं, निवेदक खुर्चीतून उठून ओरडत होते. सैन्याचा अभिमान आम्हालाही आहे, पहलगामचा राग आम्हालाही होता. पण त्या टीव्हीवर जळालेलं बंदर शाबूत निघालं आणि आज त्याच कराचीचा टॉवेल आधीचे 9 धरूनही 28 टक्क्यांत अमेरिकेत उतरतो. बांगलादेशचा 29 मध्ये, तुर्कस्तानचा 24 मध्ये. हे टॉवेलचे जुने धंदेवाले आहेत, मालही वाईट नाही त्यांचा. तिथला खरेदीदार 59 चा टॉवेल कशाला घेईल, माझ्या देशभक्तीसाठी? त्या निवेदकांपैकी एकानेही या आकड्यांवर खुर्ची सोडलेली मी पाहिली नाही.

बरं, अमेरिका सोडा, युरोपला पाठवा, असं आपणच सांगितलं होतं. नव्या बाजारपेठा शोधा. युरोपचा रस्ता लाल समुद्रातून जातो. 19 नोव्हेंबर 2023 ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज पळवलं, त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावाशेवाहून निघालेला कंटेनर केप ऑफ गुड होपवरून जातो, दहा-पंधरा दिवस जास्त लागतात, भाडं 2024 च्या सुरुवातीला तिप्पट-चौपट झालं होतं, विम्याचं वेगळंच. या जुलैत तर एका आठवड्यात मॅजिक सीज आणि इटर्निटी सी अशी दोन जहाजं बुडवली. हुथी ज्या गाझाच्या नावाने हल्ले करत होते तिथे ऑक्टोबरात शस्त्रसंधी झाली म्हणतात, तरी बोटी अजून लांबूनच जातायत.

दहा-पंधरा दिवसांनी काय होतं, असं हॉलमध्ये आपल्या शेजारी बसलेल्या एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही, आता देतो. खरेदीदार माल मिळाल्यावर मुदतीने पैसे देतो. माल उशिरा पोचला की मुदत उशिरा सुरू होते. निर्यातदार बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर तग धरतो, कारण त्याला बँक आहे. तो माझी मजुरी थांबवतो, कारण मला तो आहे. मी कुणाचं थांबवू? महावितरणचं बिल थांबत नाही, कामगाराच्या घरचा किराणा थांबत नाही. छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचे असा 2006 पासून कायदा आहे, माझं उद्यमचं प्रमाणपत्रही आहे, भिंतीवर लावलंय. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी बीम दुसऱ्याच्या शेडमध्ये जातात. हे आपल्यालाही माहीत आहे.

आणि भाडं जातं कुणाला? पंतप्रधानांनीच सप्टेंबरमध्ये भावनगरला सांगितलं की परदेशी जहाज कंपन्यांना आपण वर्षाला सुमारे 6 लाख कोटी रुपये मोजतो. एवढ्या मोठ्या किनाऱ्याचा देश, आणि आपल्या व्यापाराचा पाच टक्के मालसुद्धा धड आपल्या जहाजांतून जात नाही. मग जहाजबांधणीसाठी 69,725 कोटी जाहीर झाले. उत्तम. ती जहाजं पाण्यात उतरतील तेव्हा माझे माग भंगारात गेलेले असतील. अतिशयोक्ती नाही ही. आमच्या गल्लीत भंगारवाला टेम्पो घेऊन येतो, किलोवर भाव करतो, आणि ज्या मागावर माणसाने मुलांची लग्नं केली तो माग दुपारपर्यंत तुकडे होऊन गेलेला असतो. माझ्याकडेही विचारून गेलाय.

माझ्या कामगारांपैकी एक भिवंडीला गेला, तिथेही तेच आहे म्हणून परत आला, आता रिक्षा चालवतो. दुसरे एक मामा वडिलांच्या काळापासून आहेत. ते मला मालक म्हणतात आणि मला लाज वाटते. बायकोने विडी वळणं सोडलं होतं, मुलगी इंजिनिअरिंगला गेली तेव्हा मोठ्या तोऱ्यात सोडलं होतं. आता पुन्हा सूप मांडीवर घेतलंय. तिचे दागिने पतपेढीत आहेत. मला बीपीची गोळी लागली आहे. हे सगळं का सांगतोय, तर आपल्या भाषणात जागतिक अस्थिरता हा शब्द पाच-सहा वेळा आला होता आणि प्रत्येक वेळी तो कुठेतरी लांबच्या हवामानासारखा वाटला.

नोव्हेंबरात निर्यातदारांना हमीवर कर्ज देण्यासाठी 20,000 कोटी मंजूर झाल्याचं पेपरात वाचलं. मी धावत बँकेत गेलो. साहेबांनी बसवलं, चहा दिला, विचारलं, निर्यात तुमच्या नावावर आहे का? नाही. परदेशी ऑर्डर? नाही. मग तुम्ही निर्यातदार कुठे? खरंच आहे. संकट आलं तेव्हा मी निर्यातदार होतो, मदत आली तेव्हा नाही.

त्याच दौऱ्यात आपण डॉ. कोटणीसांच्या स्मारकाला हार घातला. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते आता लिहितोच. जपानने चीनवर हल्ला केला होता तेव्हा, 1938 मध्ये, इथला पोरगा युद्धात जखमी झालेल्या परक्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला गेला आणि 1942 मध्ये तिथेच वारला, बत्तिसाव्या वर्षी. सोलापूरने परराष्ट्र धोरणाला आपला वाटा केव्हाच दिलाय. आज त्याच चीनशी सीमेवर काय चाललंय ते आपण जाणता. दुसऱ्यांच्या युद्धात जखमा बांधायला जाण्याची हिंमत या गावात होती. दुसऱ्यांच्या युद्धाचं बिल मुकाट भरण्याची सवय मात्र तुम्ही लावताय.

आणि फक्त तुम्हीच तरी कशाला. गेल्या वर्षी जगाने लष्करावर 2,718 अब्ज डॉलर उडवले. रुपयात मोजायला बसलो तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर शून्यं मावेनात, अडीचशे लाख कोटींच्या आसपास जातं. अमेरिका आणि रशिया यांच्यातला अण्वस्त्रांवरचा उरलासुरला करार येत्या 5 फेब्रुवारीला संपतोय, त्याची इथे फारशी चर्चा नाही. जगाची शांतता सांभाळायला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद आहे. तिचे पाच कायमचे सदस्य, आणि जगातले सगळ्यात मोठे चार शस्त्रविक्रेते त्यांच्यातलेच. आगीचा बंब ज्यांच्या ताब्यात, रॉकेलचं दुकानही त्यांचंच. तिथे कायमची खुर्ची मिळावी म्हणून आपण किती वर्षं खटपट करतोय! मिळाली तर आनंद आहे. बसून करणार काय, ते एकदा सांगा.

आगीवरून आठवलं. 7 मे ला देशभर हवाई हल्ल्याची मॉक ड्रिल झाली, भोंगे वाजले. 18 मे ला पहाटे आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली, त्यात लहान मूलही होतं. बॉम्ब कुणी टाकला नव्हता. माणसं कारखान्यातच राहत होती, झोपेत सापडली. आग विझायला दिवस गेला. राष्ट्रीय सुरक्षेच्या कुठल्या वहीत ही आठ नावं लिहिली जातात? सीमेवर मेलेल्याला सलामी, मागावर मेलेल्याला पंचनामा. हे लिहू नये असं बायको म्हणाली. लिहिलं.

मागणं फार नाही. ते सांगायला बसलो होतो आणि भलतीकडेच गेलो, पण राग आला की असं होतं. मदत ज्या कागदावर द्याल त्या कागदावर जॉबवाल्या मागाचं नाव येऊ द्या. निर्यातदार मला सूत देतो ते डिलिव्हरी चलन करून देतो, जीएसटीत त्याची नोंद असते. तेच चलन पुरावा धरा, नवीन पोर्टल काढू नका. निर्यातदाराला सवलत देताना अट घाला की आधी जॉबची थकलेली मजुरी भागवली का ते दाखव. आणि अमेरिकेशी बोलणी चालू आहेत असं दर पंधरवड्याला छापून येतं, त्यात टॉवेल हा शब्द कुणी उच्चारला का, एवढं तरी कळवा. नसेल उच्चारला तर तसं सांगा, म्हणजे भंगारवाल्याला मी वेळेत हो म्हणेन, भाव रोज पडतोय.

कळावे,
पूर्व भागातला एक यंत्रमागधारक

ता. क. : आपल्या स्वीय सहाय्यकांसाठी. हे पत्र संबंधित विभागाकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी कृपया पाठवू नये. त्या विभागाचं उत्तर माझ्याकडे आलेलं आहे, त्यांनी मला निर्यातदारांच्या संघटनेकडे जायला सांगितलंय, आणि संघटनेने आपल्याकडे.