जाम झालेले मॉडेल इंजिन भंगारात टाकू नका

संपादक महोदय,

एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवले जाते, हौशी मंडळीही आपापल्या मैदानांवर छोटी विमाने उडवतात. जिथे ही इंजिने वापरात आहेत तिथे कोपऱ्यात बहुधा एक खोके असते. त्यात काळी पडलेली, पंखा हाताने फिरत नाही म्हणून ‘गेली’ असे ठरवलेली इंजिने पडून असतात. यातली बरीचशी गेलेली नसतात, एरंडेलाने चिकटलेली असतात. ती भंगारात जाऊ नयेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे साफ करण्याच्या नादात कायमची बिघडू नयेत, म्हणून हे पत्र.

ग्लो इंजिनाच्या, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणाऱ्या इंजिनाच्या, इंधनात मिथेनॉल, थोडे नायट्रोमिथेन आणि साधारण १८ ते २० टक्के तेल असते. छोट्या डिझेल इंजिनात इथर, रॉकेल आणि एरंडेल ढोबळमानाने समसमान. एरंडेल घालतात ते कारणाने. इंजिन तापले तरी ते धातूला धरून राहते आणि इंधन कमी पडल्यावरही पिस्टनला वाचवते. पण जे तेल गरम धातूला धरून राहते, तेच तिथे भाजून घट्ट होते. तळणीच्या कढईच्या बाहेरच्या कडेला जो तपकिरी, चिवट थर बसतो, तोच प्रकार. साबणाने तो हलत नाही, रॉकेलानेही नाही.

यावर घरोघरी सुचणारा उपाय म्हणजे कॉस्टिक सोडा. तो अजिबात वापरू नये. ओव्हन साफ करायचे फवारे आणि मोरी मोकळी करायच्या पावडरी यांतही बहुधा तोच असतो. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो. इंजिनाला बुडबुडे येऊ लागले की मळ निघतोय असे वाटते, पण निघत असतो तो धातू, आणि बुडबुडे असतात हायड्रोजनचे. क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचा, पृष्ठभाग खडबडीत होतो, बेअरिंगची बैठक सैल पडते, आणि मग इंजिन खरोखरच भंगार होते. धुण्याच्या सोड्याचे गरम पाणीही याच जातीचे.

चालतो तो गाडीच्या रेडिएटरमधला कूलंट. इथिलिन ग्लायकॉलचा, पाणी न मिसळलेला घ्यावा. दुकानात तयार पातळ केलेलाही मिळतो, म्हणून डब्यावरचे वाचून घ्यावे.

आधी इंजिन सोडवायचे. पंख्याला जोर लावू नये, कनेक्टिंग रॉड वाकतो. एक्झॉस्टच्या खिडकीतून पेचकस घालून पिस्टन ढकलू नये, लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीवर, ओरखडा उठला की कॉम्प्रेशन (आतला दाब) गेलेच. आत इंधन उरलेले नाही ना, हे पाहून हेअर ड्रायरने इंजिन हाताला चटका बसेल इतके तापवावे, रॉकेलचे चार-पाच थेंब सोडून रात्रभर ठेवावे, सकाळी पुन्हा तापवून पंखा मागे-पुढे हलकेच हलवावा. स्क्रूंच्या आट्यांतही एरंडेल बसलेले असते, तेव्हा तेही गरम असतानाच, समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे ढिले करावेत.

उघडताना हेडखालच्या, म्हणजे वरच्या झाकणाखालच्या, पातळ चकत्या जपाव्यात. एक जरी हरवली तरी कॉम्प्रेशन बदलते. लायनरची खूण कुठल्या बाजूला होती, रॉडची पुढची बाजू कोणती, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कार्ब्युरेटरमधले रबरी ओ-रिंग, प्लॅस्टिकचे भाग, ग्लो प्लग आणि बेअरिंगे बाजूला काढावीत. रंगीत ॲनोडायझिंग असलेला भाग भिजवू नये, रंग उडू शकतो. डिझेल इंजिनातला वरचा काँट्रापिस्टन (कॉम्प्रेशन कमी-जास्त करणारा छोटा पिस्टन) मात्र लायनरमध्येच राहू द्यावा. भिजल्यावर तो खालून लाकडी दांडीने सरकवता येतो.

आता भिजवण्याचे. स्टीलच्या डब्यात सुटे भाग ठेवून ते बुडतील इतका कूलंट ओतावा आणि कुकरात डबा लावतात तसा तो पाण्याच्या पातेल्यात, पण उघड्यावर, ठेवावा. बाहेर पाणी असले की आतला कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊ शकत नाही. शेगडी विजेची असावी, कारण खूप तापलेल्या ग्लायकॉलची वाफ पेट घेते. गॅलरीत किंवा अंगणात, हातमोजे घालून, चार ते सहा तास. थर जाड असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पातेल्यातले पाणी आटू देऊ नये.

थर सुटला की नाही हे फिनवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांवर, नख फिरवून कळते. काळी साल गुळाच्या गरम पाकासारखी सरकते आणि खालून धातू दिसतो. मग जुना टूथब्रश, फिनच्या खाचांसाठी बांबूची काडी. पोलादी ब्रश किंवा पॉलिश पेपर नको. पिस्टनच्या बाजूवरचा फिकट तपकिरी डागही घासू नये. जुन्या इंजिनात पिस्टन आणि लायनरमधली फट तोच भरून काढत असतो आणि घासून चकचकीत केलेले इंजिन मग सुरूच होत नाही. डिश सोप आणि गरम पाण्याने धुऊन लगेच ड्रायरने पूर्ण वाळवावे. डिझेलचे पोलादी लायनर ओले राहिले की लवकर गंजतात. जोडताना प्रत्येक सरकत्या भागाला तेल लावावे.

पुढे असा थर बसू नये यासाठी दिवसाच्या शेवटी इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि आत तेलाचे चार थेंब सोडून हाताने फिरवावे. मिथेनॉल हवेतले पाणी ओढते, बेअरिंग गंजते ते त्यानेच. नीडल (इंधन कमी-जास्त करणारी सुई) फार आवळून इंजिन तापवत उडवणाऱ्यांच्या इंजिनांवर राप सगळ्यात लवकर चढतो.

एक गोष्ट मुलांना शिकवणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी. इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. वापरलेला डबा आणि पातेले पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. उरलेला कूलंट फडक्यातून गाळून, झाकणबंद बाटलीत, नाव लिहून, कुलपात ठेवावा. तो पुन्हा वापरता येतो. गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये.

– एक एरोमॉडेलिंगप्रेमी, पुणे