पासबुक वाचता येईल असं छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात माझी चक्की आहे. गेल्या काही वर्षांत दळणाच्या पिशवीतून गव्हा-ज्वारीसोबत पासबुकंही येऊ लागली आहेत. मी दहावी पास, डोळ्याला चष्मा, आणि दळण होईस्तोवर समोरच्याला कुठं जायचं नसतं. "भाऊ, पाय बरं हे काय लिवलं हाये," असं म्हणून पासबुक हातात येतं. पिठाचे हात पुसून मी ते वाचतो. वाचतो म्हणजे काय, ओळीवर बोट ठेवून अंदाज करतो. त्या अंदाजाबद्दलच हे पत्र आहे.

मागच्या महिन्यात आमच्या आळीतल्या एका वहिनीने दोन पासबुकं आणली. एक तालुक्याच्या बँकेचं, दुसरं जवळच्या गावातल्या दुसऱ्या बँकेचं. पैसे कमी का होतात, एवढाच तिचा प्रश्न. मी कागदावर मांडून पाहिलं. पहिल्या खात्यातून ४३६ रुपये, दुसऱ्या खात्यातूनही ४३६. एकदा २० रुपये. एटीएम कार्डाचे २३६. दर तीन महिन्यांनी १७ रुपये ७० पैसे, असे चारदा. बेरीज ११९८ रुपये ८० पैसे. लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार येतात, त्यातला जवळपास एक हप्ता वर्षभरात असा झिरपून गेला. "कोनं कापले?" तिनं विचारलं. पासबुकात त्याचं उत्तर होतं, पण ते इंग्रजी आद्याक्षरांत. पीएमजेजेबीवाय, पीएमएसबीवाय, एएमसी, एसएमएस सीएचजी. हे कोडं मला सुटायला अर्धा तास लागला, तिला ते जन्मात सुटलं नसतं.

४३६ म्हणजे पंतप्रधान जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. आधी तो ३३० होता, १ जून २०२२ पासून ४३६ झाला. २० रुपये म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा, म्हणजे अपघाताचा, तो आधी १२ होता. दोन्ही विमे चांगले आहेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण जीवनज्योती एका माणसाला एकाच खात्यातून घेता येतो. दोन खात्यांतून हप्ता गेला म्हणून दावा दोनदा मिळत नाही, दुसऱ्या खात्यातला हप्ता फुकट जातो. वहिनीला आपला विमा आहे हेच ठाऊक नव्हतं. खरिपाच्या तोंडावर पीककर्जाचं नूतनीकरण करताना कागदांचा गठ्ठा समोर ठेवतात आणि पेन्सिलीच्या खुणेवर सही मागतात. बाहेर माणसांची रांग, आत दोन कारकून. त्यात कोण काय वाचतं? त्या दोन कारकुनांनाही मी दोष देत नाही, त्यांची जेवायची सुट्टी किती वेळा हुकते ते मी पाहिलं आहे.

१७ रुपये ७० पैशांची गंमत वेगळीच आहे. ते बँकेकडून मोबाइलवर येणाऱ्या संदेशाचे पैसे. पण खात्याला जोडलेला नंबर तिच्या मुलाचा जुना होता, तो पुण्याला गेल्यावर बंद झालेला. म्हणजे वर्षभर ही बाई बंद नंबरवर संदेश पाठवायचे पैसे भरत होती. आणि बंद झालेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या कुणाला देऊ शकते, मग आपल्या खात्याचे संदेश त्या अनोळखी माणसाकडे. पैशापेक्षा मला याचीच भीती वाटली. दुसऱ्याच दिवशी तिला तालुक्याला पाठवलं. आता तिचा स्वतःचा नंबर जोडलेला आहे. दुसऱ्या खात्यातला विमा बंद करायचा अर्जही मी लिहून दिला. हे हप्ते मे महिन्याच्या शेवटी कापले जातात, म्हणून अर्ज त्याआधी द्यायचा आणि पोचपावतीवर शिक्का घ्यायचा. शिक्का नसलेला अर्ज दिल्यासारखा नसतोच.

एटीएमच्या २३६ रुपयांवरही उपाय आहे, तो बँकेत कुणी आपणहून सांगत नाही. कोणतंही साधं बचत खातं अर्ज देऊन मूलभूत बचत खात्यात बदलता येतं. त्यात किमान शिल्लक ठेवायची सक्ती नाही, एटीएम कार्डाला वर्षाचे पैसे नाहीत आणि महिन्यातून चार वेळा पैसे फुकट काढता येतात. अट एवढीच की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. ज्या घरात महिन्यातून दोनदाच पैसे निघतात, त्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे? किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावून खातं उणे करायलाही रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तरी उणे झालेली पासबुकं माझ्या चक्कीवर येतात.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी फक्त कपातीची तक्रार करतो आहे. तसं नाही. याच वर्षी फेब्रुवारीत एक बाई नवऱ्याचं पासबुक घेऊन आली. नवरा सप्टेंबरात गेला. रानडुकरांच्या भीतीने जागलीला गेला होता, मचाणावरून खाली उतरला आणि पायाला साप चावला. ग्रामीण रुग्णालयात नेलं, पहाटे संपला. बाईला एवढंच पाहिजे होतं की खातं बंद करायला अर्ज कसा लिहायचा. मी सवयीने मागची पानं चाळली, तर आदल्या मे महिन्याच्या शेवटी २० रुपयांची एक ओळ. पुढे तीच इंग्रजी अक्षरं.

साप चावून मृत्यू झाला तर सुरक्षा विम्यात तो अपघातच धरतात, फक्त दवाखान्याची नोंद लागते. ती तिच्याजवळ होती, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या पोटात. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे, त्यामुळे मृत्यू त्यात बसत होता. दोन लाखांचा विषय आणि घरात कुणाला पत्ता नाही, कारण ती ओळ कुणाला वाचताच आली नाही. दावा शक्यतो तीस दिवसांत करायचा असतो, इथं पाच महिने होऊन गेले होते. मी चक्की बंद करून तिच्यासोबत गेलो. साहेबांनी नियम दाखवला. मी म्हटलं, साहेब, नियम बरोबर आहे, पण तुमच्या मशीनने ते मराठीत छापलं असतं तर ही बाई आठव्या दिवशी आली असती. त्यांनी फॉर्म घेतला, पोच दिली. हे पत्र लिहितो आहे तोवर पैसे आलेले नाहीत. ती दर बाजाराला पासबुक छापून आणते, पण चक्कीत आली की उघडायला सांगत नाही, नुसती माझ्याकडे पाहते.

न वाचता येणारी ओळ म्हणूनच मला खुपते. फुकट जाणारा पैसाही तिच्यात लपतो आणि हक्काचा पैसाही.

रिझर्व्ह बँकेने बँकांना फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे की पासबुकात न कळणाऱ्या नोंदी करू नका, थोडक्यात पण समजेल असा तपशील लिहा. ग्राहकाला द्यायचे छापील कागद, पासबुकासकट, इंग्रजी, हिंदी आणि त्या भागातल्या भाषेत असावेत, असंही सांगितलं आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला की पासबुकाचं वरचं कव्हर तीन भाषांत आणि आतली प्रत्येक ओळ इंग्रजी आद्याक्षरांत. माझी बँकांकडे मागणी एवढीच आहे. "अपघात विमा हप्ता", "कार्डाचे वार्षिक शुल्क", "संदेश शुल्क" असे शब्द छापा. वीज बिल मराठीत छापता येतं तर पासबुकाला काय अडचण आहे?

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, नाहीतर लोक म्हणतील की हा दुसऱ्याचीच पासबुकं वाचतो. दोन वर्षांपूर्वी शहरातून एक पोरगा आला. पैसे आले की बोलणारा डबा फुकट आहे म्हणाला. मी लावला. चक्कीच्या आवाजात तो डबा काय बोलतो ते मला एकदाही ऐकू आलं नाही. मी दळणाची वही ठेवतो. वहीतल्या आणि खात्यातल्या जमेत रोज चार रुपयांचा फरक पडू लागला. मला वाटलं माझीच बेरीज चुकते, वय झालं. सहा महिन्यांनी कळलं की डब्याचं भाडं रोजच्या जमेतून निघतं. डबा परत दिला, तरी कपात दीड महिना चालूच. शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथं मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो. त्यानंतर कपात थांबली, दीड महिन्याचे पैसेही परत आले, आधीच्या सहा महिन्यांचे मात्र गेले. आता भिंतीवर नुसता चौकोनी कोड चिकटवला आहे. आमच्या घरची आधीपासून म्हणत होती, "आपला फोन वाजतेच ना, डब्ब्याले कायले पोसता?" खिशातला फोन थरथरला की कळतं मला.

दिवाळीत तालुक्याच्या एटीएममधून तीन हजार काढायला गेलो. मशीन घरघरलं, नोटा आल्या नाहीत, खात्यातून मात्र गेले. भाऊबीज तोंडावर. बँकेत म्हणाले, येतील. अकराव्या दिवशी आले. पण रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम असा आहे की असे पैसे पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. माझे सहा दिवस जास्त झाले होते. काउंटरवर उत्तर मिळालं, "असं काही नसतं." मी लेखी अर्ज दिला आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असं शेवटी लिहिलं. त्या तक्रारीला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा फोन आहे. एवढं लिहिल्यावर तीन आठवड्यांत ६०० रुपये जमा झाले. माझ्या आधी किती जणांचे असे राहिले असतील कुणास ठाऊक.

अंगठा लावून पैसे काढण्याचं थोडक्यात सांगतो. वेचणीच्या दिवसांत बायांची बोटं कापसाच्या बोंडांनी चिरलेली असतात, मशीन अंगठा घेत नाही. चार वेळा लावून एकदा लागतो. मग केंद्रवाला, म्हणजे गावात बँकेच्या वतीने पैसे देणारा पोरगा, हजारामागे दहा रुपये मागतो. बँकेचा प्रतिनिधी ग्राहकाकडून स्वतः पैसे घेऊ शकत नाही, त्याला कमिशन बँकेने द्यायचं असतं. ते फार तोकडं असतं हेही खरं, त्या पोराच्या घरीही चूल आहे. पण ते भांडण त्यानं बँकेशी करावं, वेचणाऱ्या बाईशी नाही. आणि अंगठा लागला की पावती मागायचीच. "लागला नाही, परत लाव" म्हणून दोनदा पैसे काढल्याच्या गोष्टी आम्ही ऐकतो.

मोबाइलचं तर सगळ्यांनाच माहीत आहे. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात तेरा महिने होतात. माझ्या आईकडे बटणाचा फोन, तिला नेट म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि रोजच्या दीड जीबीचे पैसे मी चार वर्षं भरले. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना फक्त बोलणं आणि संदेश असलेला वेगळा रिचार्ज ठेवायला सांगितलं, वर्षभरापर्यंतच्या मुदतीचाही चालतो. दुकानदार तो दाखवत नाही, नावाने मागावा लागतो. आईच्या फोनवर न मागता भजनाची कॉलर ट्यून लागली होती आणि तिचे पैसे जात होते, ती १५५२२३ वर फोन करून बंद झाली. आई मात्र रुसली, तिला ते भजन आवडायचं.

संपादक साहेब, एक विनंती आहे. पासबुकात येणाऱ्या अशा दहा-बारा आद्याक्षरांचे मराठी अर्थ आपल्या पेपरात एका चौकटीत छापा, अक्षर जरा मोठं ठेवा. सोबत १९१५, १४४४८ आणि पैशाची ऑनलाइन फसवणूक झाल्यास लावायचा १९३० हे नंबर द्या. आमच्याकडे पेपर दोन घरी येतो आणि दुपारपर्यंत चक्कीवर पोचतो. मी चौकट कापून लाकडी खोक्यावर चिकटवीन. पीठ बसून ती पांढरी होईल, पण फडकं मारलं की दिसेल.

आपला,
एक चक्कीवाला
ता. राळेगाव, जि. यवतमाळ