बर्फावरची काकवी

बर्लिंग्टन, व्हर्मॉन्ट
१२ मार्च

ती. आबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. वेळेवर जेवतो, कानटोपी घालतो. मामानं पाठवलेला पुराचा व्हिडिओ जुना आहे. माँटपेलियर या राजधानीच्या बाजारपेठेत विनुस्की नदी शिरली ती जुलै २०२३ मध्ये. ते गाव इथून साठ किलोमीटर लांब. आणि पंचगंगेकाठच्या माणसांनी मला पुराचं भय घालावं?

आबा, तुम्ही विचारलं होतं, तिकडं पिकतं काय. हे राज्य चौदा वर्षं स्वतंत्र राहून १७९१ मध्ये अमेरिकेत आलं. वस्ती साडेसहा लाखांच्या आत. आपल्या एका जिल्ह्यात अशी पाच सहज बसतील. १८४० च्या सुमाराला माणशी सहा मेंढ्या होत्या. लोकरीचा धंदा बसला, मग गाई आल्या. राज्याच्या मुद्रेवर गाय आहे, पण आता गोठेही एकेक बंद पडतायत. ॲपल पायसोबत थंड दूध, अर्धा औंस तरी चेडर चीज किंवा व्हॅनिला आइस्क्रीम देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा, असा १९९९ चा कायदाच आहे. खोटं नाही सांगत.

टिकून आहे ते मेपल. १९४९ पासूनचा राज्यवृक्ष. अमेरिकेतलं निम्मं मेपल सिरप एवढ्याशा राज्यातून येतं. गुऱ्हाळच ते, फक्त ऊस उभ्या जंगलात आणि तोडायचा नाही. खोड पंचवीस सेंटिमीटर जाड व्हायला चाळीसेक वर्षं लागतात, मग एक भोक: आठ मिलिमीटर रुंद, चार-पाच सेंटिमीटर खोल, किंचित वर चढतं, म्हणजे रस बाहेर ओघळतो. भुसा पांढरा निघाला की लाकूड जिवंत. तपकिरी निघाला तर भोक वाया. पुढच्या वर्षी जुन्या भोकाजवळ पाडायचं नाही, तिथलं लाकूड मेलेलं असतं.

ज्या थंडीची तुम्हाला काळजी वाटते तिच्यावरच हा धंदा चालतो. रात्री गोठलं की झाड पाणी ओढून घेतं, दिवसा ऊन पडलं की आत दाब येऊन रस गळतो. रात्रीही गारठा राहिला नाही की धार बंद. कळ्या फुगल्या की रसाला वाईट वास येतो, मग हंगाम संपला. आपल्या उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे शंभर भागांतली साखर, वीसच्या आसपास, इथं जेमतेम दोन. चाळीस गॅलन रस आटवून एक गॅलन सिरप. १०४ अंशांना उतरवायचं. उतू जायला लागलं तर लोण्याचा थेंब.

आता एक गोष्ट सांगतो, हसू नका. हेच सिरप ११२ अंशांपर्यंत आणखी आटवतात आणि परातीत दाबून भरलेल्या ताज्या बर्फावर धार सोडतात. आधी चमचाभर टाकून बघायचं: बर्फात मुरलं तर कच्चं, वरच राहिलं आणि काट्याला गुंडाळलं गेलं तर झालं. जास्त आटलं तर दात धरतं. इथवर आपल्याला कळतं. पण सोबत डोनट आणि आंबट काकडी! आपलं लोणचं नव्हे. मीठ, व्हिनेगर आणि शेपूत मुरवलेली. गोडानं तोंड मिटलं की काकडीचा चावा घ्यायचा, म्हणजे पुन्हा गोड खाता येतं. जेवण अर्ध्यावर असताना आपण मठ्ठा पितो तसंच म्हणा. आई, बर्फानं घसा धरलेला नाही.

चार लाख पाठवलेत. गुऱ्हाळाच्या काहिलीला खर्चू नका, धाकटीच्या लग्नाचे आहेत. हॉल मोठाच घ्या, कमी पडले तर जूनमध्ये आणखी धाडतो. व्हिसाच्या शिक्क्याची तारीख जुलैतली मिळाली. त्याआधी निघालो तर परत येता येणार नाही. तिला मीच फोन करून सांगतो, तुम्ही सांगू नका. अक्षता पडताना फोन कुणाच्याही हातात द्या, मामाच्या सोडून. त्याचा हात हलतो. माझ्यासाठी स्थळं बघणं सध्या थांबवा.

तुमचा
बाळू

ता. क. पार्सलात सिरपची बाटली आहे. फोडल्यावर फ्रीजमध्येच ठेवा, बाहेर बुरशी धरते. थोडं गुळव्याला चाखायला द्या आणि तो काय म्हणतो ते कळवा.