बर्ड फ्लूच्या बातमीत ‘पीबी-२’ही येऊ द्या

महोदय,

बर्ड फ्लूची बातमी आली की विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एच आणि एन या प्रथिनांचे आकडे (उदा. एच५एन१) छापून येतात, किती कोंबड्या मारून पुरल्या ते येते, आणि शेवटी ‘विषाणू रूप बदलण्याची भीती’ हे ठरलेले वाक्य. नेमके काय बदलले तर घाबरायचे, याचा मात्र पत्ता नसतो. चिकनचे भाव तेवढे कोसळतात.

‘एच’ प्रथिनाच्या जोरावर विषाणू पेशीत शिरतो, हे खरे. पण नुसते शिरून भागत नाही. आपली जनुके असलेल्या आठ आरएनए तुकड्यांच्या प्रती त्याला आत काढाव्या लागतात. ते काम पीबी-१, पीबी-२ आणि पीए या तीन प्रथिनांचा मिळून बनलेला पॉलिमरेज (प्रती काढणारा विकर) करतो, आणि तेही सरळसरळ चोरी करून. पेशीच्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएचे (प्रथिन कसे बनवायचे ते सांगणाऱ्या रेणूचे) टोक पीबी-२ धरते, पीए ते कापते आणि त्या चोरलेल्या तुकड्याला जोडून पीबी-१ विषाणूचा संदेश लिहू लागते. पेशीला तो घरचाच वाटतो. ती बिनबोभाट विषाणूची प्रथिने तयार करते. जपानमध्ये २०१८ साली मंजूर झालेले बॅलॉक्सव्हिर हे औषध पीएची हीच कात्री अडवते.

पक्ष्यांमधल्या विषाणूचा पॉलिमरेज मात्र माणसाच्या पेशीत अडखळतो. त्याला पेशीतल्या एएनपी३२ए या प्रथिनाची साथ लागते. कोंबडीच्या या प्रथिनात ३३ अमिनो आम्लांचा (प्रथिनांच्या घटकांचा) जादा तुकडा असतो, आपल्यात तो नाही. पण पीबी-२मध्ये ६२७व्या जागी ग्लुटामिक आम्ल जाऊन लायसिन आले, की आपल्या प्रथिनावरही त्याचे भागते. एवढ्या एका बदलाने! नेदरलँड्समध्ये २००३ साली एच७एन७ने दगावलेल्या पशुवैद्यकाच्या नमुन्यात तो सापडला होता. २०२४मध्ये टेक्सासच्या गोठ्यात काम करणाऱ्या एका बाधिताच्या एच५एन१मध्येही. तो कामगार डोळे येण्यावरच निभावला, म्हणजे एकट्या या बदलाने साथ येते असेही नाही.

देशातला कोंबड्यांमधला पहिला एच५एन१ २००६ साली आपल्याच नवापुरात निघाला. तिथल्या पोल्ट्रीवाल्यांना हे समजणार नाही असे मानू नये. पुढच्या वेळी बर्ड फ्लूचे नमुने तपासणाऱ्या भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, की आपल्या वार्ताहराने जनुकीय क्रम तपासला का आणि ६२७व्या जागी काय निघाले, एवढे विचारून छापावे. चौकटीत चार ओळी पुरतील.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, धुळे