घरासाठी पैसे पाठवण्याआधी कागद पाठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात राहणाऱ्या मुलांच्या घरासाठी इथून पैसे पाठवणारे आईवडील आता साताऱ्यातही घरोघरी भेटतात. हे पत्र त्यांच्यासाठी लिहिते आहे. आम्हाला जे पाच हजार पौंडांना कळले, ते त्यांना फुकट कळावे.

माझी लेक आणि जावई इंग्लंडमध्ये रीडिंगला असतात. 2024 च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एका घराला चार लाख पौंड देऊ केले आणि मालकाने ते कबूल केले. मी गल्लीत पेढे वाटले. आपल्याकडे साठेखत नोंदवले की दोन्ही बाजू बांधल्या जातात, तसेच काहीतरी झाले असणार असे मी धरून चालले होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तसे नसते. किंमत कबूल झाली तरी कोणीच बांधलेले नसते. दोन्हीकडचे सॉलिसिटर, म्हणजे घराचा व्यवहार पाहणारे वकील, कागद तपासतात, नगरपालिकेकडून, पाणीपुरवठा कंपनीकडून माहिती मागवतात, एकमेकांना प्रश्न विचारतात आणि मग कधीतरी करारांची अदलाबदल होते. त्याला तिकडे एक्स्चेंज म्हणतात. साधारण दहा टक्के रक्कम त्या दिवशी भरायची. तोवर मालक जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो, घेणाराही पाय मागे घेऊ शकतो. किल्ली मिळते ती त्याच्याही नंतर, कम्प्लीशनच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या दिवशी. म्हणजे सॉलिसिटर जितके दिवस लावेल तितके दिवस जीव टांगणीला.

आमच्या बाबतीत घड्याळही लागलेले होते. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना सव्वाचार लाख पौंडांपर्यंत मुद्रांक शुल्क माफ होते, ती मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून तीन लाखांवर येणार होती. व्यवहार 31 मार्चपर्यंत पुरा झाला तर शुल्क शून्य, एक दिवस उशीर झाला तर पाच हजार पौंड. हाताशी साडेपाच महिने होते. पाडवा 30 मार्चला होता. गुढी नव्या घरातच उभारायची, असे लेकीने ठरवून टाकले होते.

दहा टक्क्यांतला मोठा वाटा आम्ही दोघे देणार होतो. सॉलिसिटरने आमच्याकडून पत्र मागितले, की ही रक्कम भेट आहे, कर्ज नाही आणि त्या घरावर आमचा कसलाही हक्क नाही. यजमान दुखावले. "लेकीला पैसे देतोय, त्यात हे कसलं लिहून घेतात?" पण लिहून दिले. मग विचारणा झाली, की हे पैसे आले कुठून. एफडीच्या पावत्या पाठवल्या. दोन आठवड्यांनी प्रश्न आला, एफडीतले पैसे कुठले? ते 2022 मध्ये विकलेल्या दीड एकर जमिनीचे. खरेदीखत पाठवले. तीन आठवड्यांनी कळवले, की मराठी कागद चालणार नाही, प्रमाणित भाषांतर हवे. ते दिल्यावर, जमीन तुमच्याकडे कशी आली? मग सातबारा, वारसाचा फेरफार, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला. सातबाऱ्यावर सासऱ्यांचे हाकेचे नाव लागलेले आणि दाखल्यावर पूर्ण नाव, म्हणून आणखी एक प्रतिज्ञापत्र.

भाषांतर करणाऱ्या मुलाचा एकदा रात्री साडेदहाला फोन आला. "काकू, पोटखराबा इंग्रजीत काय लिहू?" यजमानांनी अर्धा तास समजावून सांगितले, की शेतातला जो भाग पिकत नाही, दगडगोट्यांचा, ओढ्याकडेचा, तो पोटखराबा. त्याने नीट लिहिले. तरी पंधरा दिवसांनी रीडिंगहून विचारणा आलीच, हा तुकडा तुम्ही विकला की स्वतःकडे ठेवला?

प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आमच्याकडून दोन दिवसांत गेले. पुढचा प्रश्न यायला मात्र दोन-तीन आठवडे लागले. असे करता करता फेब्रुवारी संपला. मार्चमध्ये तर वेगळेच निघाले. विकणाऱ्या बाजूच्या सॉलिसिटरने आपली उत्तरे 3 मार्चला पाठवली होती, आणि आमच्या बाजूचे कार्यालय 18 मार्चलाही "उत्तरांची वाट पाहत आहोत" असेच लेकीला सांगत होते. फाईल बघणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली होती आणि उत्तरे तिच्याच मेलमध्ये पडून होती. हे लेकीला कळले तेही घर दाखवणाऱ्या एजंटकडून. विकणारे जोडपे म्हातारे, त्यांचे पुढचे घर आमच्या व्यवहारावर अडलेले, आणि त्या पुढच्या घराचे मालक या जोडप्यावर अडलेले. एका टेबलावर फाईल अडली की तीन कुटुंबांचे सामान खोक्यांत राहते.

गुढी भाड्याच्या घराच्या बाल्कनीत उभी राहिली. किल्ली 11 एप्रिलला मिळाली आणि पाच हजार पौंड भरावे लागले.

पैशांचा मागोवा घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. काळा पैसा रोखण्यासाठीचे 2017 चे नियम तिथल्या सॉलिसिटरांना बंधनकारक आहेत आणि चूक झाली तर ती त्यांच्या अंगाशी येते. यजमानांनाही ते आता पटले आहे. तक्रार आहे ती हप्त्याहप्त्याने विचारण्याबद्दल. भारतातून, जमीन विकून पैसे येणार आहेत, हे लेकीने पहिल्याच भेटीत सांगितले होते. काय काय कागद लागतील ते त्याच दिवशी एका कागदावर लिहून दिले असते, तर दिवाळीची सुट्टी संपायच्या आत सगळे तयार झाले असते.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की मुले घर बघायला लागली की त्याच आठवड्यात इथले कागद काढा. सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, पैसे ज्या विक्रीतून आले तिचे खरेदीखत, सूची क्रमांक 2 आणि ती मालमत्ता तुमच्याकडे कशी आली त्याचा पुरावा, हे सारे भाषांतरासह. पैसे पाठवताना माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती बहुतेकांना पुरते. पण टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराचा, हिशेब आधी करा. आम्ही जानेवारी 2025 मध्ये प्रत्येकी वीस लाख पाठवले, तेव्हा सात लाखांवरच्या रकमेला वीस टक्के लागत होते. दोघांचे मिळून पाच लाख वीस हजार रुपये कापले गेले आणि विवरणपत्र भरल्यावर परत मिळाले. आता ती मर्यादा दहा लाख आहे, तरी तेवढी रोकड हाताशी लागतेच.

अजून एक. इथल्या फ्लॅटवर मुलाचे नाव "असू दे" म्हणून घालू नका. पहिल्या घराची सवलत मिळण्यासाठी जगात कुठेही, कधीही त्याच्या मालकीचे घर झालेले नसावे लागते. त्याच्या हिश्श्याची किंमत 40 हजार पौंड किंवा त्याहून जास्त असेल, तर तिकडे घर घेताना उलट पाच टक्के जादा शुल्क बसू शकते. आमच्या ओळखीतल्या एका घरात अगदी हेच झाले.

लेकीने आधी त्या कार्यालयाकडेच लेखी तक्रार केली. त्यांना उत्तराला आठ आठवडे असतात. दिलगिरीचे पत्र आले, फीतले थोडे पैसे परत आले, पाच हजारांबद्दल अक्षर नाही. मग ती लीगल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या संस्थेकडे गेली. तिथे दाद मागायला फी नाही, पण अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत जावे लागते, हे ध्यानात ठेवावे. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या सरकारने विकणाऱ्याने घराची माहिती आधीच द्यावी अशा सुधारणांवर लोकांची मते मागवली. विकणाऱ्याने कागदांचा संच तयार ठेवण्याची सक्ती 2007 मध्येही आली होती, 2010 मध्ये ती थांबवली. या वेळी ती टिकावी, असे मनापासून वाटते.

आपल्या मालमत्ता पुरवणीत या कागदांची यादी एकदा चौकटीत छापावी, ही विनंती. आमचा धाकटा मुलगा लीड्सला असतो आणि त्याने अजून एकही घर पाहिलेले नाही. त्याच्यासाठीची फाईल मात्र भाषांतरासह कपाटात तयार आहे, पोटखराब्याच्या खुलाशासकट.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा