ईसीजीच्या पट्टीवर डॉक्टरांची सही हवी

महोदय,

मुंबईत गृहनिर्माण सोसायट्या आणि गणेशोत्सव मंडळे भरवत असलेल्या आरोग्य शिबिरांत आता रक्तदाब आणि साखरेबरोबर ईसीजीही काढला जातो, हे स्वागतार्हच आहे. मात्र तेथून आमच्या दादर परिसरातील ज्येष्ठ मंडळी जे कागद घेऊन येतात, त्यांवर यंत्राने आपोआप छापलेल्या निष्कर्षाखेरीज बहुधा काहीच नसते. तो कोणा डॉक्टराने वाचल्याची खूणही नसते.

ईसीजी तंत्रज्ञ म्हणून अनेक वर्षे काम केल्यावर सांगतो, यंत्र लहरींची रुंदी आणि त्यांतील अंतरे बहुतेक वेळा चोख मोजते. चुकते ते ठोक्यांची लय ओळखताना. रुग्णाचे हात कापत असतील किंवा छातीवर लावलेले यंत्राचे रबरी बल्ब घामाने निसटत असतील, तर आधाररेषा थरथरते, तीत प्रत्येक ठोक्याआधी येणारी छोटी ‘पी’ लहर हरवते आणि यंत्र ‘एट्रियल फिब्रिलेशन’ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) छापून मोकळे होते. उलट, खरे फिब्रिलेशन कधीकधी त्याच्या नजरेतून सुटते. या विकारात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, त्यामुळे अनेकांना रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागते. तेच औषध चुकीच्या निदानावर सुरू झाले, तर विनाकारण रक्तस्रावाची भीती.

कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक मोठा चौकोन 0.2 सेकंदाचा. लय नियमित असेल तर दोन ठोक्यांमधल्या मोठ्या चौकोनांनी 300 ला भागले की मिनिटाची गती मिळते. अनियमित लयीत हा हिशेब फसतो. तेथे 30 मोठ्या चौकोनांतील, म्हणजे सहा सेकंदांतील ठोके मोजून दहाने गुणावे लागते, आणि अंतरांत काही क्रम आहे का, प्रत्येक ठोक्याआधी ‘पी’ लहर आहे का, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक लीडच्या, म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक कोनातून पाहणाऱ्या नोंदीच्या, वाट्याला अडीच सेकंदच येतात, आणि तेवढ्यात जेमतेम तीन ठोके दिसतात.

म्हणून आयोजकांनी ‘लीड टू’ची किमान दहा सेकंदांची सलग पट्टी काढून घ्यावी आणि ती वाचणाऱ्या डॉक्टरांचे नाव व सही कागदावर असावी, एवढी विनंती आहे. तुलनेसाठी जुना ईसीजी मोलाचा असल्याने रुग्णांनीही तो जपावा; फक्त त्याला लॅमिनेशन करू नये, कारण उष्णतेने तो थर्मल कागद काळा पडतो. साधी झेरॉक्स पुरेशी आहे.

आपला,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ,
दादर, मुंबई