थर्मोस्टॅट काढू नका, अंश पाहून घ्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

थंडी सुरू झाली की आपल्या अंकात जुन्या मोटारींच्या रॅलीचे फोटो येतात. मी ते आवडीने पाहतो, पण यातल्या किती गाड्यांचे थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी ठरावीक अंशांपर्यंत तापेतो ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकले असतील, हा विचार हमखास मनात येतो. ‘आपल्याकडे एवढा उकाडा, थर्मोस्टॅट हवाय कशाला?’ हे मी टूलरूममधल्या नोकरीत आणि नंतरही सतत ऐकत आलो आहे.

आमच्या घरी १९३० सालची फोर्ड मॉडेल ए आहे. तिला पाण्याचा पंप आहे, पण मुळात थर्मोस्टॅट नव्हता. डिसेंबरात भल्या सकाळी साताऱ्याहून निघालो की वाई आली तरी रेडिएटरच्या टोपीवरच्या मोटोमीटरची, म्हणजे तापमापकाची, लाल रेघ जागची हलायची नाही. इंजिन असं गार राहिलं की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, उतरतं, जळणातून तयार होणारं पाणीही तिथेच साचतं. तो काळा चिकट गाळ मी स्वतःच्या हाताने खरवडून काढला आहे.

म्हणून एका गॅरेजमधून थर्मोस्टॅट बसवून घेतला. त्यांनी हाताला लागला तो, आजच्या गाडीचा ८२ अंशांचा टाकला. वाईहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या पसरणी घाटात निम्म्यावर पाणी उकळून बाहेर आलं. कारण साधं आहे. ८२ चा थर्मोस्टॅट ८२ ला उघडू लागतो, पूर्ण उघडायला त्याला आणखी दहा-बारा अंश लागतात. आजच्या रेडिएटरचं झाकण दाब धरतं, दाबाखाली पाणी उशिरा उकळतं, त्यामुळे तिथे हे चालून जातं. मॉडेल ए चा रेडिएटर मात्र ओव्हरफ्लो नळीतून हवेला उघडा असतो, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर, सुमारे १३५० मीटरवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. मग हाताशी उरलं काय?

अशा बिनदाबाच्या गाडीला ७१ अंशांचा, म्हणजे १६० फॅरनहाइटचा मागा. तो वरच्या होस पाइपमध्ये बसतो, मेणाची कुपी (ती तापली की झडप उघडते) इंजिनच्या बाजूला ठेवून. या गाडीला बायपास, म्हणजे थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायची दुसरी वाट, नाही, म्हणून थर्मोस्टॅटच्या तबकडीला तीन-चार मिलिमीटरचं भोक हवंच. ते नसेल तर हवा आत कोंडते आणि गरम पाणी कुपीपर्यंत पोचतच नाही. आमच्या थर्मोस्टॅटला ते भोकही नव्हतं. फोर्ड मॉडेल टी ची गोष्ट वेगळी. तिच्यात बहुतेक गाड्यांना पंपच नाही, गरम पाणी आपोआप वर चढून फिरतं, त्या वाटेत अडथळा नको.

नवा असला तरी बसवण्यापूर्वी पातेल्यात पाणी तापवून थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकता सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि तो किती अंशांना उघडतो ते पाहा. जुना पितळी भात्याचा थर्मोस्टॅट फुटला तर उघडा राहायचा. मेणाचा बंद अवस्थेत अडकू शकतो, आणि ते घाटात कळण्यापेक्षा स्वयंपाकघरात कळलेलं बरं. माझा ७१ चा आता तिसरा हिवाळा काढतो आहे. वाईच्या बऱ्याच अलीकडे लाल रेघ वर येते आणि पसरणी चढतानाही पाणी उकळत नाही.

आपला,
एक निवृत्त फिटर, सातारा